आत्या अजून बोलली नाही

चष्मेवाल्यांच्या दुकानात दर रविवारी सकाळी वाचनमंडळ भरे. दुकान त्या दिवशी बंद असे, म्हणजे शटर अर्धं वर आणि बाहेर 'बंद' अशी ठळक पाटी. तरीही दोघंतिघं वाकून आत डोकवत आणि दुकान चालू आहे का, असं विचारत. ज्याला एवढी मोठी पाटी दिसत नाही तेच आपलं खरं गिऱ्हाईक, हे कळून चष्मेवाल्यांचा जीव तुटे. पण मंडळ म्हणजे मंडळ. ते मान हलवून नाही म्हणत आणि पुन्हा खुर्चीत मागे टेकत.

मंडळाचा नियम एकच होता आणि तो चष्मेवाल्यांनीच घातला होता: बोलायचं ते सध्या वाचत असलेल्या पुस्तकाबद्दल. संपलेल्या पुस्तकाबद्दल बोलायला बंदी. यामागे अनुभव होता. पहिल्या वर्षी असला काही नियम नव्हता, तेव्हा वकील आणि मुख्याध्यापिकाबाई एका वाचून झालेल्या कादंबरीवरून असे काही भिडले की पुढे कित्येक आठवडे दोघं एकमेकांशी बेकरीवाल्याच्या मार्फत बोलत होते. "बाईंना सांगा, चहा गार होतोय." "वकिलांना सांगा, मला डोळे आहेत." तेव्हा चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं की पुस्तक संपलं की माणसाचा परीक्षक होतो, आणि परीक्षक झाला की तो माणसात राहत नाही. अर्ध्यावर असलेला माणूस मात्र नम्र असतो. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्याला ठाऊक नसतं.

तेव्हापासून प्रत्येकाने चालू पुस्तक मांडीवर घ्यायचं, खूण ठेवलेलं पान उघडायचं, तिथलं एक वाक्य वाचायचं आणि सध्या जीव कुठे अडकलाय ते सांगायचं. या नियमाला एक पोटनियम होता: पुढचं फोडायचं नाही. दुसरा कुणी तेच पुस्तक वाचत असेल तर त्याच्या पुढचं चकार शब्दानं बोलायचं नाही. मंडळात शिव्या चालत, राजकारणही एका मर्यादेपर्यंत चाले, पण फोडणं हा खुनाच्या खालोखाल गुन्हा होता.

नियम इतका चांगला होता की त्याच्या आडोशाला चष्मेवाल्यांनी दोन वर्षं एकही पुस्तक वाचलं नव्हतं.

वाचन कसं सुटलं हे त्यांना सांगता आलं नसतं. डोक्यावरचे केस कसे गेले हे तरी कुठे सांगता येतं? एक दिवस आरशात बघावं तर नाहीत. आयुष्यात काही दुःख कोसळलं नव्हतं, डोळ्यांना काही झालं नव्हतं; डोळ्यांना काही झालं असतं तर घरचंच दुकान होतं. झालं एवढंच, की पुस्तक उघडलं की तिसऱ्या ओळीवर मन उठून फोनकडे जाई आणि तिथे तासभर रमून रिकाम्या हाताने परत येई. पण मंडळाचे संस्थापक आणि अध्यक्ष तेच. देवच नास्तिक निघाला तर भक्तांनी कुणाकडे बघावं?

म्हणून त्यांनी एक जाडजूड कादंबरी निवडली. दोरखंड वळणाऱ्या एका घराण्याच्या चार पिढ्या, पानं सातशेच्या वर. जाड पुस्तकाचे फायदे दोन. एक तर ते लवकर संपत नाही, आणि दुसरं, इतक्या माणसांत कुणाचं काहीही झालं तरी फारसं चुकत नाही. रविवारी सकाळी दाढी झाली की ते खूण तीन-चार पानं पुढे सरकवत, त्या पानावरचं एक बरं दिसणारं वाक्य हेरून ठेवत आणि मंडळात ते सावकाश वाचत. मग खिडकीबाहेर बघून म्हणत, "लेखक घाई करत नाही." किंवा, "इथे जे लिहिलं नाहीये ना, ते महत्त्वाचं आहे." हे तर शंभर टक्के खरं होतं, कारण जे लिहिलं होतं ते त्यांना माहीत नव्हतं. मुख्याध्यापिकाबाई अशी वाक्यं टिपून घेत.

एकच व्यक्ती फसत नव्हती. दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायच्या मशीनवर त्यांची बायको बसे. ती पुस्तकं वाचत नसे, पण नवऱ्याला तिने तिसेक वर्षं बारकाईने वाचलं होतं.

"अहो, आज कुठवर आलं गलबत?"

"तीनशे."

"काल दिवसभर तर फोनवर कुणाच्या तरी मांजराचे व्हिडिओ बघत होतात. मांजरानं वाचून दाखवलं का?"

"अगं, हळू. बाहेर मंडळी आलीत."

"येऊ देत की. मी काय फोडणार आहे? तुमच्या पोटात काही असेल तर फोडीन ना."

असं सगळं सुखाने चाललं असताना एके दिवशी दुकानात एक बाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, केस आखूड, पायात न वाजणाऱ्या चपला. मोठ्या इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टर. जवळचं दिसेनासं झालं होतं. चष्मेवाले त्यांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावणार, तोच त्यांची नजर गल्ल्याशेजारी पडलेल्या जाड कादंबरीवर गेली आणि तिथेच खिळली. काही न बोलता त्यांनी पिशवीत हात घातला आणि तेच पुस्तक बाहेर काढलं.

"तुम्ही हे वाचताय?" त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी तक्ता उगाच सरळ केला. "हो," ते म्हणाले. "म्हणजे... चालू आहे."

"कुठे आहात?"

"तीनशेच्या आसपास."

"मी नव्वदवर. सांगू नका हं काही! एक अक्षर सांगू नका."

"छे छे," चष्मेवाले मनापासून म्हणाले. "मी काही सांगू शकत नाही."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला. असा संयमी माणूस त्यांना जन्मात भेटला नव्हता. त्या पुढच्याच रविवारी मंडळात आल्या, आणि शिवाय दर बुधवारी इस्पितळातून घरी जाताना दुकानात थांबू लागल्या. नवा चष्मा लावून, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून त्या सांगत: भाची शहरात दोर विकायला एकटी जाते म्हणून थोरला काका कसा बिथरलाय, धाकट्याने वजन वाढवायला भिजवलेल्या काथ्याचा माल खपवल्याचं कळलं तेव्हा घरात कशी शांतता पसरली. सांगताना त्यांचे हात हवेत दोर वळत. चष्मेवाले फ्रेमचे स्क्रू पिळत 'हं' म्हणत. त्यांचा 'हं' चांगला होता. गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून ऐकून त्याला धार आली होती.

"लोकांना वाटतं आम्ही भूल दिली की पुस्तक काढून बसतो," एकदा त्या म्हणाल्या. "कसलं काय. मॉनिटरवरून नजर हलवायची सोय नाही. वाचते ती दोन ऑपरेशनांच्या मधे, उभ्यानं. आणि वाचलेलं सांगणार कुणाला? मी ज्यांच्याशी बोलते ते मिनिटभरात झोपतात."

"हं," चष्मेवाले म्हणाले.

"तुम्हाला खरं सांगू? एकाच वेळी दोघांनी एकच पुस्तक वाचायचं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडतंय. लहानपणी भावाला सांगायचे, पण तो शेवट आधी वाचायचा. मेला हसायचा नुसता."

त्या गेल्यावर मागच्या खोलीतलं मशीन थांबलं.

"बाई चांगल्या आहेत," बायको म्हणाली. "वाचा की हो त्यांच्यासाठी. दहा पानं तरी."

"वाचणारच आहे."

"मीही बारीक होणारच आहे."

आता त्या घराण्यातल्या थोरल्या आत्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरून झालं. पुस्तकाच्या मागच्या पानावर, कथेचा सारांश देतात तिथे, एक ओळ होती: दारात बसून दोरांची टोकं तपासणारी, कुणाशी न बोलणारी थोरली आत्या. चष्मेवाल्यांना ही आत्या फार सोयीची वाटली. न बोलणारं पात्र म्हणजे बोलणाऱ्याला मोकळं रान. ते अधूनमधून तिचा उल्लेख करत. एका रविवारी, खूण तीनशे चाळीसवर असताना, वाचलेलं वाक्य नेमकं भलतंच कंटाळवाणं निघालं. मंडळींचे चेहरे पडलेले पाहून चष्मेवाले खिडकीबाहेर नजर लावून म्हणाले, "आत्या अजून बोलली नाही. पण दारात बसून सगळं बघतेय. मला वाटतं, शेवटी तीच तोंड उघडणार."

बेकरीवाल्याने बिस्कीट चहात बुडवलं होतं, ते तसंच विरघळून गेलं. मुख्याध्यापिकाबाईंनी टिपून घेतलं. डॉक्टरीणबाई मात्र कानांवर हात ठेवून डोळे मिटून बसल्या होत्या, पण हात ठेवायला त्यांना जरा उशीर झाला होता.

त्यानंतर एका बुधवारी त्या आल्या नाहीत. रविवारी आल्या त्या सगळ्यांच्या आधी, आणि उभ्याच राहिल्या. मंडळी जमली तशी त्यांनी खुणेचं पान उघडलं, पण वाक्य वाचलं नाही.

"आत्या मेली," त्या म्हणाल्या.

"अरेरे," बेकरीवाला म्हणाला. तो फक्त रहस्यकथा वाचे, त्यामुळे कुणी मेलं की त्याला तरतरी येई. "कशानं?"

"म्हातारपणानं. दोनशे पाचव्या पानावर." त्यांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. "तुम्ही तीनशे चाळीसवर होतात. आणि तुम्ही म्हणालात, आत्या दारात बसून बघतेय."

दोन वर्षं ज्या दिवसाची भीती होती तो दिवस समोर येऊन उभा होता. चष्मेवाल्यांनी मान खाली घातली आणि वाट पाहिली.

"मी स्वतः ऐकलंय," बेकरीवाला म्हणाला.

"माझ्याकडे लिहिलेलं आहे," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

वकील खुर्चीत पुढे सरकले. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते आणि घरी त्यांचं कुणी ऐकत नसे. "म्हणजे दोनशे पाचवर मयत झालेली व्यक्ती तीनशे चाळीसवर हयात आहे. याचा अर्थ एकच."

चष्मेवाल्यांनी डोळे मिटले.

"ती मेलेलीच नाही!" वकील गरजले. "आणि अध्यक्षांनी ते फोडलं!"

चष्मेवाल्यांनी डोळे उघडले. समोर चारही चेहऱ्यांवर धक्का होता, संताप होता, पण संशय? संशयाचा मागमूस नव्हता. अध्यक्षांनी पुस्तक वाचलंच नसेल हे या मंडळींच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. त्यापेक्षा त्यांना मेलेली बाई जिवंत होणं सोपं वाटत होतं.

"प्रेत नीट तपासलं होतं का कुणी?" बेकरीवाल्याने विचारलं. "बरेचदा नुसती नाडी बघतात."

"श्वास नव्हता, असं लिहिलंय," डॉक्टरीणबाई कोरडेपणाने म्हणाल्या. "मला तेवढं कळतं."

"अहो पण लेखक काय डॉक्टर आहे?"

"तो मुद्दाच नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मला त्या पानावर रडू यायला हवं होतं. तिथे रडायची जागा होती, मला कळत होतं. मी रोज माणसं मरणाच्या दारातून परत येताना बघते, कधी एखादं येत नाही, आणि तिथे रडायची सोय नसते. पुस्तकात असते. म्हणून तर वाचते मी. पण मी म्हटलं, येणारच आहे की ही परत, अध्यक्ष म्हणालेत ना. आणि पान उलटलं." त्यांनी पुस्तक मिटलं. "एवढंच."

खटला झाला. वकिलांनी फिर्यादीची बाजू मांडली, नंतर आरोपीचीही मांडली, कारण दुसरं कुणी नव्हतं, आणि निकालही त्यांनीच दिला: अध्यक्षांनी तीन रविवार तोंड उघडायचं नाही, फक्त चहा करायचा. चष्मेवाल्यांनी मान डोलावली. खोटं उघडं पडण्याऐवजी भलत्याच गुन्ह्यात शिक्षा होतेय, ती झेललेली बरी, असा साधा हिशेब. जाताना मुख्याध्यापिकाबाई बेकरीवाल्याला म्हणाल्या, "बघा, एक शब्द उलट बोलले नाहीत. याला म्हणतात वाचनसंस्कार."

डॉक्टरीणबाई केव्हाच निघून गेल्या होत्या. चहा न घेता.

"सुटलात," बायको मागून म्हणाली.

"सुटलो," चष्मेवाले म्हणाले आणि कप विसळायला घेतले. सुटलेला माणूस इतका वेळ एकच कप विसळत नाही.

त्यांना वकिलांचं, मुख्याध्यापिकाबाईंचं काही वाटत नव्हतं. मान काय, मिळतो आणि जातो. पण एका बाईने आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी सोबतीने पुस्तक वाचायला घेतलं आणि त्या सोबत्याने तिच्यापासून एक मरण चोरलं, तेही स्वतः न वापरता. ते तिला परत कसं द्यायचं? एकच उपाय त्यांना दिसत होता. आत्या खरोखर परत आली तर! सातशे पानांत काय अशक्य आहे? आली, तर आपण बोललो ते खरं ठरेल, आणि डॉक्टरीणबाईंचं काहीच गेलेलं नसेल. एखाद्या पात्राने जिवंत व्हावं म्हणून इतका कळवळलेला वाचक त्या लेखकाला दुसरा मिळाला नसेल.

सोमवारी दुकान उघडून त्यांनी फोन बायकोच्या खोलीत, काचांच्या भुकटीशेजारी नेऊन ठेवला आणि दोनशे पाचवं पान काढलं. काही कळेना. भाची कुठली, काका कुणाचा? ते मागे दीडशेवर गेले. तिथे धाकट्याच्या ओल्या काथ्याबद्दल लोक कुजबुजत होते, तो काय प्रकार ते कळेना, म्हणून आणखी मागे. असे मागे मागे सरकत, रेटत रेटत, अखेर पहिल्या पानावर पाठ टेकली तेव्हा त्यांनी हात टेकले आणि पहिली ओळ वाचली.

सुरुवातीला फार जड गेलं. मन दर परिच्छेदाला उठून मागच्या खोलीत जाई, आणि बायको त्याला हाकलून परत पाठवी. मग केव्हातरी ते उठायचं थांबलं.

"अहो, गिऱ्हाईक उभं आहे मघापासून."

"आलो. घरातून कुणीतरी काथ्या चोरलाय."

"आपल्या?"

"दोरवाल्यांच्या."

बायकोने बाहेर येऊन गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवलं आणि नंबर स्वतः काढला. टोमणा तिच्या ओठावर आलेला दिसत होता. पण तिने तो गिळला. संसारात असे प्रसंग थोडे.

आणि मग दोनशे पाचवं पान आलं.

भाची शहरातून परत आलेली असते. पहिल्यांदाच सगळा माल विकून आलेली असते. घरात कुणाला सवड नाही, म्हणून ती दारात आत्याजवळ बसून सांगायला लागते: एकाने भाव पाडून मागितला त्याला कसं गप्प केलं, चप्पल कशी तुटली, परतताना कशी शीळ घालावीशी वाटली आणि घातलीसुद्धा. आत्या दोराचं टोक हातात धरून ऐकतेय. दीड पान हे चालतं. सांगून सांगून भाची हसते, आत्याच्या गुडघ्यावर हात ठेवते. मग एकच वाक्य येतं. आत्याच्या मनगटावर एक माशी बसली होती आणि आत्याने ती मघापासून हाकलली नव्हती.

चष्मेवाल्यांनी पुस्तक उपडं ठेवलं. दुकानात लटकलेल्या शेकडो फ्रेमांतून कुणीच बघत नव्हतं. समोर गिऱ्हाइकाचं स्टूल रिकामं होतं. दर बुधवारी त्या स्टुलावर बसून एक बाई हातवारे करून आपल्याला सांगत होती, हसत होती. आणि आपण 'हं' म्हणत होतो. ती आत्या निदान मेलेली तरी होती.

पुढचं त्यांनी न थांबता वाचलं. आत्या परत येते की नाही, हे इथे सांगता येणार नाही. डॉक्टरीणबाई तेव्हा तीनशेच्या अलीकडे होत्या आणि पोटनियम सर्वांना लागू आहे. शनिवारी पुस्तक संपलं. चष्मेवाले ते मिटून बायकोला म्हणाले, "उद्या मी सांगणार आहे."

"सांगा," ती म्हणाली. "पण आधी दाढी करा."

रविवारी ते उभे राहिले.

"तुम्हाला बोलायला बंदी आहे," वकील म्हणाले.

"दोनच वाक्यं. मी हे पुस्तक वाचत नव्हतो. दोन वर्षं मी कुठलंच पुस्तक वाचलेलं नाही, नुसती खूण सरकवतोय."

डॉक्टरीणबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. त्यांनी मांडीवरचं पुस्तक मिटलं. वकिलांना हसू आलं.

"हा बचाव मी खूप ऐकलाय. 'साहेब, मी तिथे नव्हतोच.'"

"पण मी खरंच तिथे नव्हतो."

"अध्यक्ष," बेकरीवाला बिस्कीट खाली ठेवून म्हणाला, "बाईंना वाईट वाटलं म्हणून तुम्ही स्वतःवर ओढवून घेताय. केवढं मन!"

"न वाचता," मुख्याध्यापिकाबाईंनी वही उघडली, "'लेखक घाई करत नाही' हे कुणाला कळेल हो? मला शिकवू नका. पुस्तक न वाचता बोलणारी मुलं मी जन्मभर पकडलीत."

"सातशे पानांचा लेखक कशाला घाई करेल? ते कुठल्याही जाड पुस्तकाला लागू पडतं."

"पाहा! किती खोल!" आणि त्यांनी तेही लिहून घेतलं.

मागच्या खोलीचा पडदा सरकला. "खरं बोलतायत ते," बायको म्हणाली. "फोनवर मांजरं बघतात."

"वहिनी, तुम्ही वाचत नाही, तुम्हाला यातलं काय कळणार," वकील समजुतीने म्हणाले. शिक्षा एक रविवार कमी करण्यात आली. खोटं बोलून मिळालेला मान खरं बोलून जाईना, उलट वाढला. चष्मेवाल्यांनी हताश होऊन चहा केला.

मंडळी पांगली. डॉक्टरीणबाई बसून होत्या.

"मला पटलं," त्या म्हणाल्या.

"हं," चष्मेवाले म्हणाले आणि जीभ चावली.

"ते बंद करा आधी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे भाचीचं ठरलेलं लग्न मोडलं, ते मी सांगितलं तेव्हा?"

"नव्हतं वाचलेलं."

"काथ्याची चोरी?"

"नव्हतं."

"आणि मी तासतास इथे..." त्या थांबल्या. "माझे पेशंट तरी संमतीची सही करून झोपतात हो."

चष्मेवाल्यांनी हातातला कप बाजूला ठेवला.

"मग आत्या शेवटी तोंड उघडणार, हे कुठून आलं?"

"माझ्या मनचं. पुस्तकाच्या मागे तिच्याबद्दल एक ओळ आहे, तेवढ्यावर."

"म्हणजे ती मेलीच आहे? परत येतच नाही?"

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. "ते सांगणार नाही."

"माहीत नाही म्हणून?"

"माहीत आहे म्हणून. काल संपवलं."

मॉनिटरकडे बघावं तसं त्यांनी चष्मेवाल्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पुस्तक काढून मागे गेल्या, दोनशे पाचवर, आणि वाचू लागल्या. चष्मेवाले उगाच फ्रेमा सरळ करत राहिले. ज्या सरळ होत्या त्याही केल्या.

"नाही," अखेर त्या म्हणाल्या. "रडू नाही येत आता. पहिल्यांदा ते पहिल्यांदाच." आवाजात राग नव्हता, नुसतं निदान होतं. "पण ही माशी. ही मी तेव्हा पाहिलीच नव्हती. आत्या परत येणार म्हणून पुढे पळाले, आणि माशी राहून गेली."

"मी तिथेच अडकलो," चष्मेवाले म्हणाले. "पुस्तक उपडं ठेवावं लागलं. आणि भाची शीळ घालते ना, ती आधी एकदा—"

"थांबा." त्यांनी हात वर केला. "तुमचं पुस्तक संपलंय ना?"

"संपलंय."

"मग तुम्हाला याबद्दल बोलता येत नाही."

"...नाही."

"नियम कुणी केला?"

"मीच."

"कठीण आहे," त्या म्हणाल्या, पिशवी खांद्याला लावली आणि शटरखालून वाकून गेल्या. येईन म्हणाल्या नाहीत, येणार नाही असंही म्हणाल्या नाहीत.

चष्मेवाल्यांनी थोडा वेळ विचार केला. मग दुकानातली कादंबरी उघडली, शेवटच्या पानातून खूण काढली, पहिल्या पानात घातली आणि वाचायला बसले. चालू पुस्तक म्हणजे चालू पुस्तक. दुसऱ्यांदा वाचू नये असं नियमात कुठे होतं?

बुधवारी संध्याकाळी न वाजणाऱ्या चपला आत आल्या. डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या, दिवसभराचा शीण पुसावा तसा चेहरा पुसला आणि नवा चष्मा चढवला. मग पुस्तक उघडून उत्साहाने म्हणाल्या, "अहो, त्या थोरल्या काकानं आज—" आणि मधेच थांबल्या.

"कुठे आहात तुम्ही?"

"चौसष्ट," चष्मेवाले म्हणाले.

"खरंच?"

"धाकटा आत्ताच काथ्या भिजवून परत आलाय. त्याच्या सदऱ्याची बाही ओली आहे, पण कुणाचं लक्ष नाही."

त्यांनी स्वतःच्या पुस्तकात चौसष्टावं पान काढून पाहिलं. बाही ओली होती.

"मग नाही सांगत," त्या म्हणाल्या, आणि मान खाली घालून पुढे वाचू लागल्या. चष्मेवाल्यांना काकाचं सगळं माहीत होतं, तरी त्यांना हुरहुर लागली.